चेंडू कुठे आहे

आमच्या घरात फुटबॉल आला तो आईच्या माहेराहून. इतर बायका माहेराहून लोणच्याच्या बरण्या आणतात, आमची ही ऑफसाइडचा नियम घेऊन आली, असं बाबा आल्यागेल्याला सांगायचे. आईचं माहेर बोपोडीचं. तिचे दोघे भाऊ खडकीच्या मैदानावर खेळायचे, आणि ही मैदानाच्या कठड्यावर त्यांच्या चपला मांडीवर घेऊन बसायची. मोठा मामा गोली होता. त्याच्या गुडघ्यावरची खरचटणी हळद लावून बरी करता करता आपण नर्स झालो, असं ती म्हणायची. लग्न होऊन ती बिबवेवाडीत आली आणि गल्लीतली झाडून सगळी पोरं क्रिकेट खेळताना पाहून तिला परमुलखात आल्यासारखं झालं. बाबा पोस्टात कारकून. त्यांना क्रिकेटसुद्धा फारसं आवडायचं नाही. त्यांना आवडायचं ते शब्दकोडं, आणि ते सोडवताना कुणी आवाज केलेला खपायचा नाही.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, खाली पिठाची गिरणी. गिरणी चालू असली की फरशीला कंप सुटायचा आणि मांडणीतले पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. रविवारी दुपारनंतर गिरणी बंद, म्हणून रविवारची मॅच आम्हाला सगळ्यात स्वच्छ ऐकू यायची. मॅचच्या दिवशी जेवण म्हणजे भुर्जी-पाव, कारण भुर्जी मध्यंतरात होते. कांदा, मिरची, कोथिंबीर मॅच सुरू होण्याआधीच चिरून झाकून ठेवलेली. मध्यंतराची शिट्टी वाजली की आई उठायची, आणि दुसऱ्या हाफची शिट्टी वाजायच्या आत चौघांच्या ताटल्या भरलेल्या असायच्या. चौथा म्हणजे ओंकार. वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचा, हिंजवडीत नोकरीला होता. त्या वर्षांत पुण्याची एक टीम देशाच्या लीगमध्ये खेळत होती. ओंकार तिच्या फॅन क्लबचा म्होरक्या होता. टीमचं नाव काही का असेना, आमच्या घरी तिला ‘आपली टीम’ एवढंच नाव होतं. पिवळी जर्सी, आणि बहुतेक वेळा हार.

मी कॉलेजात गेले त्या सुमारास आईच्या डोळ्यांनी दगा दिला. पडद्याचा आजार होता. पूर्ण अंधार झाला नाही, पण नजरेच्या मधोमध एक राखाडी डाग बसला आणि वाढत गेला. कडेचं दिसायचं, मधलं नाही. समोर माणूस आला तर त्याचे कान आणि खांदे दिसायचे, चेहरा नाही. महापालिकेच्या प्रसूतिगृहातली नोकरी तिने स्वतःहून सोडली. "बाळाच्या तोंडाकडे बघून रंग सांगता आला नाही तर मी तिथे काय करू?" एवढंच बोलली. त्यावर रडारड वगैरे काही झाली नाही. ती हाताने चाचपून कांदा चिरायला शिकली, पावलांच्या आवाजावरून माणसं ओळखायला शिकली. टीव्हीवर तिला हिरवं मैदान दिसायचं, कडेकडेने हलणारे पिवळे ठिपके दिसायचे. चेंडू मात्र नाही. चेंडू नेमका त्या डागात असायचा.

म्हणून समालोचन. इतरांसाठी ती मागे चाललेली बडबड असते, आईसाठी मॅच म्हणजे तीच होती. लीगचं समालोचन मराठीतही असायचं. दोघे जण बसायचे. एक साधा समालोचक, जो खरं तर काही सांगू पाहायचा, आणि दुसरा ‘तज्ज्ञ’. हे तज्ज्ञ गृहस्थ एके काळी मोठे खेळाडू होते. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. आवाज खर्जातला, संथ, आणि कशातही त्यांना फक्त खोटच दिसायची. आपल्या टीमने आक्रमण केलं की ते म्हणणार, "यातून काही निष्पन्न होणार नाही." बचाव केला की, "हा बचाव फार काळ टिकणार नाही." एकदा आपण दोन गोलांनी पुढे होतो तर म्हणाले, "ही आघाडी फसवी आहे." बाबांनी शब्दकोड्यातून मान वर न काढता शेरा मारला, "हा माणूस लग्नात बोलायला उभा राहिला तरी श्रद्धांजलीच वाहील." त्या दिवसापासून त्यांचं नाव श्रद्धांजली. "श्रद्धांजली आले का गं?" असं आई मॅचआधी मला विचारायची.

ओंकारला हसू यायचं नाही. तो खरोखर तडफडायचा. "काकू, हे लोक ठरवून करतात. पुण्यात फुटबॉल रुजणार नाही म्हणे. अरे, तू रुजू तरी दे!" मग तो मोबाइलवर काहीतरी लिहायचा आणि त्याच्यासारखे आणखी शंभर जण लिहायचे. मलाही राग यायचा. दिवसभर जर्नल पूर्ण करून, अंगठ्याला शाई लागलेल्या हाताने पाव खात आपण एक मॅच बघायला बसतो, आणि कुणीतरी दीड तास आपल्याला समजावत राहतो की तुमची टीम, तुमचं शहर, तुम्ही स्वतः, कुणाचीच काही लायकी नाही. आजही टीव्हीवर कुठल्याही विषयावर चार माणसं बसून तोंड वाकडं करताना दिसली की माझ्या कपाळाची तीच शीर उडते. तेव्हा आईला राग येतो तो याच कारणाने, असं मी धरून चालले होते. तसं नव्हतं. ते मला पुढे कळलं.

सादिक नावाचा आपला गोली होता, कॅम्पातला मुलगा, वयाने माझ्याएवढाच. गोली म्हणून आईचा त्याच्यावर विशेष जीव. एका मॅचमध्ये त्याच्या हातून साधा चेंडू सुटला आणि गोल झाला. मग श्रद्धांजली सुरू झाले. हा मुलगा या दर्जाचा नाही, याचे हातच गोलीचे नाहीत, याला कुणी निवडलं, आमच्या काळी याला चेंडू गोळा करायलाही उभं केलं नसतं. हे चाललं होतं तेव्हा पडद्यावर खेळ पुढे गेला होता. मी बघत होते, ओंकार बघत होता, आणि आपल्या टीमच्या एका मुलाने उजवीकडून तिघांना चकवून गोल केला. आम्ही दोघं ओरडलो. आई दचकली. "काय झालं? कुठे झालं?" तिने माझा दंड धरला. "कुणी मारला?" मी सांगेपर्यंत दुसरंच काही सुरू झालं होतं. श्रद्धांजली म्हणाले, "असो, यामुळे मूळ चूक झाकली जात नाही," आणि परत सादिकवर आले. आईने माझा दंड सोडला, पदराने हात पुसले आणि उठून स्वयंपाकघरात गेली. मध्यंतर व्हायचं होतं. मॅच चालू असताना ती उठलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

पुढच्या आठवड्यात ओंकार पायऱ्या दणाणत खाली आला. बालेवाडीच्या स्टेडियमवर घरची मॅच होती आणि मॅचआधी चॅनेलवाले बाहेरच मंडप घालून कार्यक्रम करणार होते. श्रद्धांजली स्वतः येणार होते आणि प्रेक्षकांना प्रश्न विचारता येणार होते. फॅन क्लबने काळ्या फिती आणि फलक तयार केले होते.

"काकू, तुम्ही चला. तुम्ही बोललात तर वेगळंच वजन पडेल."

बाबांनी पेन खाली ठेवलं. "वजन म्हणजे? हिला तराजूत घालणार आहात का?"

"तसं नाही हो काका. पण काकूंना दिसत नाही ना, तर—"

"तिला दिसत नाही हे आम्हाला माहीत आहे. तुम्ही अजून कुणाकुणाला कळवणार आहात ते सांगा."

आई म्हणाली, "मी येते. मला त्यांना एक विचारायचंय. पण फलकबिलक मी धरणार नाही."

बिबवेवाडीहून बालेवाडी म्हणजे शहराची दोन टोकं. स्वारगेटला बस बदलली, पुढे वाहतुकीत रखडलो. आईने ठेवणीतली पिवळी साडी नेसली होती, डब्यात सुकटीची चटणी आणि भाकरी घेतली होती, कारण स्टेडियमवरचं महागडं सँडविच तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. नजर गेल्यापासून ती पहिल्यांदाच मैदानावर येत होती. फाटकाशी पोचल्यावर ती थांबली आणि नाकाने श्वास ओढला. "गवत कापलंय आज," म्हणाली.

मंडपात गर्दी होती. श्रद्धांजली टीव्हीवर दिसायचे त्यापेक्षा बरेच म्हातारे होते. हाताला सूक्ष्म कंप होता, तो लपवायला ते माइक दोन्ही हातांनी धरत. आमच्या मागे फॅन क्लबची पोरं शिट्ट्या मारत होती. ओंकारने वाट काढत आईला पुढे नेलं, सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने तिच्यासमोर माइक धरला. मी आईचा कोपर धरून उभी होते.

"नमस्कार," आई म्हणाली. "मला नीट दिसत नाही. मी तुमच्या आवाजावर मॅच बघते. तुम्ही आमच्या टीमला नावं ठेवता, ती ठेवा. माझे भाऊ खेळायचे, त्यांनाही लोक ठेवायचे. खेळणाऱ्याला ते ऐकावंच लागतं. पण तुम्ही नावं ठेवत असता तेवढ्या वेळात चेंडू कुठे जातो ते मला कळत नाही. मागच्या वेळी आपला गोल झाला, तो मला आजपर्यंत कुणी नीट सांगितलेला नाही. तेवढं सांगत जा. चेंडू कुठे आहे तेवढं सांगितलंत तरी पुरे."

मागे पोरांनी एकच गिल्ला केला. "काकू, जोरात! काकू, झकास!" श्रद्धांजलींनी गॉगल काढला. गर्दीत त्यांचं बोलणं पुढच्या दोन रांगांपलीकडे कुणाला ऐकू गेलं नसेल.

"आपलं नाव काय?"

"सुमन."

"सुमनताई, मी आजवर बोलताना हेच धरून चाललो, की सगळ्यांना दिसतंच आहे. दिसतं ते परत काय सांगायचं? म्हणून मग..." त्यांनी वाक्य तसंच सोडलं. "आज प्रयत्न करतो."

सूत्रसंचालन करणारी मुलगी हसली, म्हणाली, "तर प्रेक्षकांच्या भावना अशा तीव्र आहेत," आणि जाहिराती सुरू झाल्या.

आम्ही स्टँडमध्ये जाऊन बसलो. मोबाइलवर समालोचन लावून इअरफोनची एक बोंडी आईच्या कानात, एक माझ्या. तेव्हा एक गंमत लक्षात आली. मोबाइलवरचा आवाज खऱ्या खेळाच्या मागून यायचा. आधी स्टँड ओरडायचं आणि मग कानात कळायचं की का ओरडलं. आईला ती व्यवस्था फार आवडली. लोक ओरडले की ती एक बोट वर करून थांबायची आणि मग कानात निकाल आला की मान हलवायची. आणि श्रद्धांजली सांगत होते. सुरुवातीला अडखळत, शाळेतल्या मुलाने धडा वाचावा तसे. "चेंडू डावीकडे... मधल्या रेषेच्या अलीकडे आहे. आता उंच उडालाय. बचावपटूने डोक्याने परत पाठवला." हळूहळू त्यांची गाडी रुळावर आली. आवाजातला खर्ज तोच होता, पण त्याला आता पाय फुटले होते. कॉर्नर आला तेव्हा म्हणाले, "सादिक पुढे आलाय, गर्दीत हात वर, आणि... घेतला. छातीशी घेऊन खाली बसलाय." आईने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "बसला ना? मोठा मामा असाच बसायचा, चेंडू पोटाशी घेऊन, कोंबडीसारखा." ती मॅच आपण एका गोलाने हरलो. परतताना बसमध्ये आईने भाकरीचा शेवटचा तुकडा मोडून मला दिला आणि म्हणाली, "किती दिवसांनी मॅच बघितली."

इथवरच गोष्ट असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ओंकार पेढे घेऊन आला. आईची क्लिप सगळीकडे फिरत होती. त्याने मोठ्या कौतुकाने मोबाइल लावला. वर लिहिलं होतं, ‘दृष्टिहीन आईने तज्ज्ञाची बोलती बंद केली!’ खालच्या क्लिपमध्ये आई म्हणत होती, "तुम्ही आमच्या टीमला नावं ठेवता... चेंडू कुठे जातो ते कळत नाही." मधलं सगळं कापलेलं. ‘मला’ हा शब्दसुद्धा. मग पोरांचा गिल्ला, मग श्रद्धांजलींचा गॉगल काढलेला चेहरा, तोंड अर्धवट उघडं. तिथेच क्लिप संपत होती.

"काकू, आपण जिंकलो!" ओंकार म्हणाला.

"किती-किती?" बाबांनी विचारलं.

आईने मला लोक काय लिहितात ते वाचायला सांगितलं. मी वाचायला लागले. म्हातारा झाला, घरी बस. हाताला कंप कशाने येतो ते आम्हाला माहीत आहे. कुणीतरी त्यांनी तरुणपणी हुकवलेल्या पेनल्टीचा जुना फोटो शोधून काढला होता. कुणी त्यांच्या मुलीबद्दल लिहिलं होतं, तिथे मी थांबले. मांडणीत पेले किणकिणत होते. खाली गिरणी चालू होती.

"मागच्या आठवड्यात सादिकबद्दलही असंच लिहीत होते, तेच का हे लोक?" आईने विचारलं.

"त्यातले बरेच," मी म्हणाले.

"ओंकार, मी त्यांची बोलती बंद केली नाही. उलट मी त्यांना बोला म्हणाले."

"काकू, लोकांना आवडलंय हो. त्यांनी आपल्याला इतकी वर्षं छळलं, आता जरा त्यांनाही—"

"तुला छळलं असेल. मी माझं काम सांगायला गेले होते." आई आवाज न चढवता बोलत होती. दवाखान्यात डॉक्टरांशी बोलायची तशी. "माझं बोलणं पुरं दाखव, नाहीतर काढून टाक. आणि हे पेढे वर घेऊन जा. आमच्याकडे काही झालेलं नाही."

ओंकार वाईट नव्हता. संध्याकाळपर्यंत त्याने क्लबच्या पानावर पूर्ण चित्रण टाकलं, खाली आईचं म्हणणंही लिहिलं. ते फार कुणी पाहिलं नाही. कापलेली क्लिप मात्र आईच्या जुन्या मैत्रिणींपर्यंत, बोपोडीच्या विहारात येणाऱ्या बायकांपर्यंत पोचली आणि त्या फोन करकरून शाबासकी द्यायला लागल्या. आई प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायची. ऐकून घेऊन त्या म्हणायच्या, "ते असू दे, पण बरी जिरवलीस!" तिने मला चॅनेलच्या ऑफिसात फोन लावायला लावला. त्या गृहस्थांशी दोन शब्द बोलता येतील का, एवढंच विचारायचं होतं. पलीकडच्या मुलीने अतिशय गोड आवाजात आमचा अभिप्राय नोंदवून घेतला.

पुढच्या मॅचला श्रद्धांजली नव्हते. त्यांना काढलं की तेच गेले, हे आम्हाला कधी कळलं नाही. त्यांच्या जागी एक तरुण मुलगा आला होता. चॅनेलने टीका मनावर घेतली असावी, कारण आता सगळंच छान होतं. "काय अफलातून! क्या बात है! पुणेकरांनो, आवाज!" थ्रो-इन घेतला तरी अफलातून. आपल्यावर गोल झाला तरी "काय मॅच रंगली आहे!" ओंकार खूश होता. आई कपाळाला आठी घालून ऐकत होती. थोड्या वेळाने तिने रिमोट चाचपला आणि आवाज बंद केला. खोलीत एकदम शांतता झाली. पडद्यावर पिवळे ठिपके मुकाट पळत होते.

"ते निदान खरं बोलायचे," ती म्हणाली. "प्रज्ञा, तू सांग."

असं माझं समालोचन सुरू झालं. मी फार वाईट होते. जे घडून गेलं ते सांगायचे, जे घडत होतं ते राहून जायचं. ‘तिकडे’ म्हणायचे. आई विचारायची, तिकडे म्हणजे कुठे, माझ्या डाव्या हाताला की उजव्या? मी रागावले की विशेषणं यायची आणि चेंडू जायचा. त्या माणसाचं काम किती अवघड होतं हे मला माझ्या कोरड्या पडलेल्या घशाने शिकवलं. वर्ष-दीड वर्षात मात्र आमची लय बसली. एका मॅचमध्ये सादिकने पेनल्टी अडवली तेव्हा मी श्वाससुद्धा न घेता सांगत गेले, आणि आईने तो चेंडू माझ्या आधी पकडला, दोन्ही हात पसरून. पुढे दोन दिवस माझा आवाज बसलेला होता. बाबा म्हणाले, घरात इतकी शांतता बरी वाटते.

मग शिक्षण संपलं आणि मलाही हिंजवडीतच नोकरी लागली. कंपनीच्या बसने जाण्यायेण्यात दिवस जायचा, शिवाय रविवारची पाळी वारंवार यायची. पहिल्या रविवारी मॅच होती. ओंकार तोवर लग्न करून मांजरी गावात राहायला गेला होता. घरी आई आणि बाबा दोघंच. कामात माझं मन लागेना. आई आता मुक्या टीव्हीसमोर बसली असेल, नाहीतर ती ‘अफलातून’वाली पोरं ऐकत असेल. कँटीनच्या मागे जिना होता, तिथे उभी राहून मी मोबाइलवर मॅच लावली आणि एका मैत्रिणीचा फोन मागून घेऊन घरी लावला. ठरवलं होतं, निदान थोडा वेळ तरी इथून सांगू. आईने फोन उचलला, पण बोलली नाही. मागून बाबांचा आवाज येत होता. शब्दकोड्याच्या वेळचा, त्रासलेला.

"...तो लांब केसांचा घेऊन निघाला. तुझ्या उजव्या हाताला. न्हावी परवडत नाही वाटतं यांना. आता त्या टकल्याकडे दिला. टकल्याने मागे दिला. पुढे जायचं सोडून मागे का देतात हे लोक? बरं, आता मधे आला. उंच मारला. एक जण पडला. काही लागलेलं नाही, नाटकं आहेत. तुझा तो गोली पुढे येतोय..."

"आई," मी म्हणाले, "मी सांगू का? माझ्याकडे दिसतंय इथे—"

"अगं, थांब जरा," आई म्हणाली. "मॅच चालू आहे." आणि तिने फोन ठेवला.